कपडे भाड्याने घ्यावेत की विकत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं समारंभाचे कपडे बहुतेक वेळा भाड्यानेच घेते. हे कळलं की लोक बाजूला घेऊन प्रश्न विचारतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

भाड्याने घेतल्याने खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण एका अटीवर. जो कपडा तुम्ही नाहीतर विकत घेतलाच असता, त्याच्या जागी भाड्याचा आला तरच पैसे वाचतात. घरातल्या जुन्या कपड्यावर सहज भागलं असतं आणि तरीही "भाडं तर थोडंसंच आहे" म्हणून घेतला, तर तो नवीन खर्चच झाला. म्हणून भाव विचारण्याआधी स्वतःला विचारायचं: भाड्याने मिळत नसता तर मी काय केलं असतं? उत्तर "विकत घेतला असता" असेल तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ आहे. "आहे तोच घातला असता" असेल, तर आहे तोच घाला.

किती वेळा घालणार असलो तर विकत घेणं परवडतं?

कपड्याची किंमत १०० धरा. भाडं प्रत्येक वेळी २०. वरवर पाहता पाच वेळांत दोन्ही सारखं होतं. पण विकत घेतलेला कपडा धुवावा लागतो, आणि भारी कपडा म्हटला की ड्रायक्लीन आलं. त्याचे दर वेळी ५ धरा. भाड्यात धुलाई सहसा धरलेली असते. आता सहा वेळा घातलात तर विकतचा १३० ला पडतो आणि भाड्याचा १२० ला. सातव्या वेळी विकतचा १३५, भाड्याचा १४०. म्हणजे सहापर्यंत भाडं, त्यापुढे खरेदी.

हा हिशेब दोन गोष्टींनी सरकतो. पहिली, विकत घेतलेला कपडा पुढे विकता आला तर. तो ३० ला जरी गेला, तरी चार वेळांपर्यंतच भाडं परवडतं आणि पाचव्या वेळेला खरेदी स्वस्त पडते. दुसरी, भाड्यावर चढणारे बारीकसारीक आकार: पोचवण्याचे, परत नेण्याचे, नुकसानभरपाईच्या संरक्षणाचे. २० चे २६ झाले की, कपडा विकला नाही तरी, पुन्हा चारवरच थांबायचं. जाहिरातीत दिसणारं भाडं आणि पावतीवरचं भाडं यांत हा फरक नेहमी असतो. हिशेब पावतीच्या आकड्याने करायचा.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. कागदावर पाच मिनिटं लागतात.

पण मी तो किती वेळा घालेन, हे आधी कसं कळणार?

मागे बघून. आपण विकत घेताना "हा पुढेही कामाला येईल" म्हणतो, आणि त्या क्षणी ते मनापासून म्हणतो. पण मागच्या वेळीही तेच म्हणालो होतो. समारंभासाठी घेतलेले शेवटचे तीन कपडे कपाटातून काढा, पलंगावर मांडा आणि प्रत्येक किती वेळा घातला ते आठवा. फोटो चाळले तर नेमका आकडा मिळतो. माझ्या तीन कपड्यांची बेरीज चार निघाली होती. त्यातला एक दोनदा घातला होता, कारण दुसऱ्या समारंभाला वेगळी माणसं होती. त्या दिवसापासून "पुढेही घालीन" या माझ्याच शब्दावर मी विसंबत नाही.

कोणते कपडे भाड्याने घेणं शहाणपणाचं?

ज्यांचं काम ठरलेल्या मुदतीत संपतं ते सगळे.

लग्नसमारंभाचे भरजरी कपडे, सूट, पदवीदानाचा झगा, नाटक किंवा स्नेहसंमेलनाची वेशभूषा हे लगेच सुचतात. नाटकवाल्यांना हे कुणी शिकवायला नको. ड्रेपरीतून, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातून, कपडे आणायचे, प्रयोग झाला की परत द्यायचे, यात त्यांना कधी संकोच वाटला नाही.

खरी बचत मात्र मला तीन वेगळ्याच ठिकाणी दिसते. एक, गरोदरपणातले कपडे. पोट दिसू लागल्यापासून बाळंतपणापर्यंतचे काही महिने, आणि त्यातही माप बदलत जाणारं. ऑफिसला किंवा कार्यक्रमांना जावं लागत असेल तर या काळात घेतलेले चांगले कपडे नंतर घडी घालूनच पडतात. दोन, तान्ह्या बाळाचे कपडे. पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण २५ सेंटिमीटरने वाढते आणि वजन जन्माच्या तिप्पट होतं. कपडा फाटण्याची संधीच मिळत नाही. तो आखूड होतो आणि नव्यासारखाच राहतो. असा कपडा पाच बाळांनी घालावा यासारखी सरळ गोष्ट नाही. तीन, कडाक्याच्या थंडीचे आणि बर्फातले कपडे. उष्ण हवेत राहणारा माणूस आठवड्याच्या सहलीसाठी जाड जॅकेट, जलरोधक पँट आणि बूट विकत घेतो, आणि परतल्यावर ते ठेवायला कपाटाचा अख्खा कप्पा अडवतो. ही वस्तू महाग, अवजड आणि पुन्हा कधी लागेल त्याचा नेम नाही. जिथे बर्फ पडतं तिथे ती भाड्याने मिळतेच.

चौथं म्हणजे नोकरीच्या मुलाखतीचा सूट. ज्या मुलामुलीकडे नोकरी नाही, त्यांच्यावरच तो विकत घेण्याची वेळ यावी हे मला नेहमी टोचतं. कॉलेजांनी आणि संस्थांनी असे सूट चार दिवसांसाठी द्यायची सोय ठेवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

कोणते घेऊ नयेत?

रोजचे. अंगाला चिकटून राहणारे. ज्यांची सवय झाल्याशिवाय चालता येत नाही असे बूट.

दरमहा वर्गणी भरून कपडे बदलत राहण्याच्या योजना परवडतात का?

या योजनांत महिन्याची ठरावीक रक्कम भरायची, ठरलेल्या संख्येने कपडे घरी येतात, घालून परत पाठवायचे, दुसरे मागवायचे. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली जेनिफर हायमन आणि जेनिफर फ्लाइस यांनी सुरू केलेली रेंट द रनवे ही कंपनी आधी एकेका समारंभासाठी ड्रेस भाड्याने देत असे. २०१६ पासून तिने महिन्याच्या वर्गणीवर हवे तितके कपडे बदलण्याची योजना आणली. २०१९ मध्ये गोदामातली यंत्रणा बदलताना माल वेळेत पोचेना, आणि काही काळ नवे ग्राहक घेणं थांबवावं लागलं.

तुमच्या खिशाच्या दृष्टीने एकच तुलना महत्त्वाची. गेल्या वर्षभरात कपड्यांवर एकूण किती खर्च झाला तो आकडा काढा आणि वर्गणीला बाराने गुणा. बहुतेकांची वर्गणी जड भरते. ज्यांना कामासाठी रोज वेगळं आणि नीटनेटकं दिसावं लागतं आणि त्यापायी जे सतत खरेदी करतात, त्यांना मात्र ही योजना खरोखर फायद्याची होऊ शकते. अट पुन्हा तीच: वर्गणी सुरू झाल्यावर खरेदी थांबली पाहिजे. दोन्ही चालू राहिली तर वर्षअखेरीस हातात कपडाही नाही आणि पैसाही नाही.

वर्गणी घ्यायचीच ठरवलीत, तर ती मध्ये थांबवता येते का, रद्द करायला किती दिवस आधी कळवावं लागतं आणि न वापरलेले कपडे पुढच्या महिन्यात मोजले जातात का, हे आधी वाचा. आजारपणात किंवा प्रवासात असताना वर्गणी कापली जाते तेव्हा हे आठवतं. आणि तीन महिन्यांनी थांबून हिशेब करायची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.

दुसऱ्याने घातलेले कपडे स्वच्छ असतात का?

हॉटेलातली चादर आपण निःशंक पांघरतो, पण इथे मन कचरतं. कपडा नीट धुतलेला असेल तर भीतीचं कारण नाही. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त टिकत नाही, आणि गरम पाण्याची धुलाई किंवा ड्रायरमधली अर्ध्या तासाची कडक उष्णता ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मारते. अडचण अशी की भारी कपडे इतकी उष्णता सोसत नाहीत. म्हणून दुकानदाराला सरळ विचारायचं: प्रत्येक ग्राहकानंतर धुता की अधूनमधून? कशात धुता? जो बिचकतो किंवा तुमच्यावरच चिडतो, त्याच्याकडून घेऊ नका.

स्वतः तपासायला जागा ठरलेल्या आहेत: काखा, गळपट्टी, कमरेची पट्टी, अस्तराची आतली बाजू. सुवास मारून घामाचा वास झाकलेला असेल तर तो काखेपाशी लपत नाही. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाचा उग्र वास येत असेल तर प्लॅस्टिकचं आवरण काढून कपडा हवेशीर जागी रात्रभर टांगा. या कामात अनेक ठिकाणी परक्लोरोएथिलीन वापरतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात ठेवलं आहे. एका कपड्याने तुम्हाला काही होईल असं नाही, पण वास जाईपर्यंत थांबण्यात काही जात नाही. आत स्वतःचा सुती कपडा घातला की मनाचीही शंका फिटते.

माप बसलं नाही तर?

भाड्याच्या कपड्यात लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. लेबलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवून ऑर्डर देतात. त्या आकड्याला सगळीकडे सारखा अर्थ नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या मापांचं प्रमाण १९५८ मध्ये ठरवलं होतं, ते १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि तेव्हापासून तिथे ज्याची त्याची मोजपट्टी आहे. म्हणून शिंप्याच्या टेपने स्वतःची मापं घ्या: छाती, कंबर, नितंब, खांद्यांमधलं अंतर, बाहीची लांबी. ती फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानदाराला कपड्याची मापं विचारा, साइज नव्हे.

एक पक्की गोष्ट सांगते: खांद्यात बसत नसेल तर तो कपडा सोडून द्या. कंबर, लांबी, बाही यांत फरक करता येतो. खांदा उसवून पुन्हा बसवणं भाड्याच्या कपड्यात कुणी करू देत नाही, आणि करूही नये. कंबरेला सैल असेल तर आतून कच्चे टाके घालून आवळता येतो. घट्ट असेल तर शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) किती सोडली आहे ते उलटून बघा. बरेचदा भाड्याने देण्यासाठी शिवलेल्या कपड्यांत माया मुद्दाम जास्त ठेवतात, कारण तोच कपडा अनेक अंगांना बसवायचा असतो. मात्र कात्री लावायची नाही, आणि टाकेसुद्धा विचारल्याशिवाय घालायचे नाहीत. दुकानाचा स्वतःचा शिंपी असेल तर उत्तम.

ट्रायलला जाताना त्या दिवशी घालणार तीच पादत्राणं आणि आतले कपडे घालून जा. उंच टाचांवर आणि सपाट चपलेवर लांबी वेगवेगळी दिसते. नुसतं आरशासमोर उभं राहू नका. बसा, हात वर करा, दोन पायऱ्या चढा. आणि ट्रायल समारंभाच्या आदल्या दिवशी नको, निदान आठवडाभर आधी हवी.

डिपॉझिट परत मिळेल याची खात्री काय?

पावती आणि फोटो. तिसरं काही उपयोगी पडत नाही.

एकदा मी मण्यांचं काम असलेला एक पोशाख नेला होता. परत देताना काउंटरवरच्या माणसाने पदराजवळचा खोंबारा दाखवला आणि निम्मं डिपॉझिट कापलं. तो खोंबारा नेतानाच होता. मी पाहिला होता, पण घाईत बोलले नव्हते, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. वाद घालून घसा बसला, पैसे गेले ते गेले. तेव्हापासून दुकानातच, त्यांच्या समोर, कपडा प्रकाशात धरून मी पुढून, मागून आणि आतून फोटो काढते. निघालेली टिकली, उसवलेली शिवण, अडकणारी चेन, तुटकं हूक, फिका पडलेला भाग, जे दिसेल ते पावतीवर लिहून घेते. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही, तोही सुटतो. परत देतानाही पुन्हा फोटो, आणि "कपडा मिळाला" अशी सही किंवा संदेश.

कोणत्या नुकसानीला किती कापणार, हे पावतीवर छापलेलं असावं. "नुकसान झाल्यास योग्य ती रक्कम" असं मोघम वाक्य असेल तर तिथेच आकडा लिहून मागा.

डाग पडला तर काय करावं?

घरी धुवू नका. भारी कपड्यांचे डाग माणसांच्या घाईनेच जास्त बिघडतात. स्वच्छ, कोरड्या, पांढऱ्या फडक्याने टिपून घ्या. चोळलं की डाग धाग्यात उतरतो आणि रंगही निघतो. रेशमावर पाणी लावलं तर पाण्याचाच गोल डाग उरतो. गरम इस्त्री फिरवून सुकवायचा मोह होतो. उष्णतेने डाग पक्का बसतो. मग दुकानाला कळवायचं, कशाचा डाग आहे तेही सांगायचं. तेलाचा आणि रक्ताचा डाग काढायची पद्धत वेगळी असते, आणि ताजा डाग निघण्याची आशा खूप जास्त. लपवून दिलेला डाग धुलाईत दिसतोच.

डाग पडू नये म्हणून दोन सवयी पुरतात. अत्तर आणि डिओडरंट कपडा चढवण्याच्या आधी लावून पूर्ण सुकू द्यायचं. घाम थांबवणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून काखेत पिवळे डाग पाडतात. आणि मेकअप शेवटी नाही, आधी.

नुकसानीपासूनचं संरक्षण म्हणून जादा पैसे मागतात. द्यावेत का?

त्यात फाटणं धरलं आहे की फक्त बारीक डाग, ते विचारा. फक्त बारीक डाग असेल तर मी घेत नाही.

वेळेत परत करता आला नाही तर?

दर दिवसाला दंड लागतो, आणि दोन-तीन दिवसांत तो मूळ भाड्याएवढा होऊ शकतो. शिवाय तुमच्या मागे कुणीतरी तोच कपडा धरून ठेवलेला असतो. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी जो दमलेला नसेल, अशा माणसावर परतीचं काम आधीच सोपवा.

हे पर्यावरणासाठी चांगलं आहे ना?

तितकं सरळ नाही. कपड्यांचा अपव्यय प्रचंड आहे हे खरं. वस्तूंच्या पुनर्वापराचा पुरस्कार करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा फेकून देण्याआधी घालण्याच्या वेळा ३६ टक्क्यांनी घटल्या. तोच कपडा अनेकांनी घालावा हे यावर उत्तर वाटतं. पण फिनलंडमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एका जीन्सवर हिशेब मांडला. जास्त दिवस वापरणं, जुनी दुसऱ्याला देणं, पुनर्चक्रण, भाड्याने देणं असे पर्याय तपासले, तेव्हा हवामानावरचा बोजा भाड्याच्या पर्यायात सर्वाधिक निघाला, कारण दर वेळची ने-आण. सर्वांत हलका पर्याय होता कमी घेऊन जास्त दिवस वापरणं. ने-आण कमी प्रदूषणाच्या वाहनांनी झाली तर भाड्याचं पारडं सुधारतं.

म्हणून कपडा जवळच्या ठिकाणाहून, दुसऱ्या कामासाठी जाता जाता आणावा. आणि जीन्ससारखी रोजची वस्तू भाड्याने घेऊच नये, हे मी वर म्हटलंच आहे.

लोकांना कळलं तर?

मला कुणी विचारलं की मी दुकानाचा पत्ता देते. लपवाछपवी करायची असेल तर ही नवी पद्धत नाही एवढं लक्षात ठेवा. लंडनमधलं मॉस ब्रदर्स हे कपड्यांचं दुकान घ्या. १८९७ च्या सुमारास चार्ल्स पॉन्ड नावाचा एक गृहस्थ, हातची नोकरी गेल्यावर मेजवान्यांतून करमणुकीचे कार्यक्रम करू लागला होता. कार्यक्रमाला लागणारा सूट तो या दुकानातून पुन्हा पुन्हा उसना नेई. शेवटी दुकानाने त्याचे पैसे लावले, आणि तिथून त्यांचा भाड्याच्या सुटांचा धंदा उभा राहिला. चांगल्या कपड्याशिवाय काम मिळत नाही आणि काम मिळाल्याशिवाय कपडा घेता येत नाही, या कोंडीतून निघालेली ही वाट आहे. त्यात लाजण्यासारखं काय?

आपापसांत कपडे उसने घेतले तर भाडंही वाचेल की?

वाचेल, आणि जमत असेल तर तेच सगळ्यांत उत्तम. माझ्या ओळखीतल्या सारख्या मापाच्या चौघीजणी समारंभाचे कपडे एकमेकींत फिरवतात. त्यांचे दोनच नियम आहेत: परत देताना ड्रायक्लीन करून द्यायचा, आणि आजीचा, आईचा असा जीव अडकलेला कपडा या फिरतीत आणायचाच नाही. दुसरा नियम पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. त्या कपड्याचं नुकसान कुठल्याही रकमेने भरून येत नाही.

माझे पडून असलेले कपडे मी भाड्याने देऊ का?

देता येतात, पण त्याला वरकड मिळकत समजू नका. धुलाई, दुरुस्ती, ने-आण आणि निरोपांची उत्तरं यांत बराच वेळ जातो. वर्षात दोन-तीनदाच मागणी येईल असा कपडा असेल तर तो सरळ विकून टाकलेला बरा. जितक्या लवकर विकाल तितके जास्त मिळतील.

भाड्याने आणलेला कपडा इतका आवडला की ठेवावासा वाटतो. काय करू?

आधी परत करा. पंधरा दिवसांनीही तो आठवत असेल तर दुकानात जाऊन विचारा की जुना माल विकता का. बरीच दुकानं वापरलेले कपडे ठरावीक काळाने काढून टाकतात. तुम्ही भरलेलं भाडं किमतीतून वजा करायला सांगा, बरेचजण तयार होतात. मग तो पुन्हा प्रकाशात धरून बघा. मांडीच्या आतली बाजू आणि काखा विरल्या नसतील, चेन सुरळीत सरकत असेल आणि अस्तर शाबूत असेल, तर घ्या. जेमतेम दोन समारंभ काढेल असा दिसला, तर त्या दोन समारंभांपुरतं भाडंच भरा.